भाताशिवाय चाळीस पदार्थ

“मंगळसूत्रपण काढू का जी?” वजनकाट्यासमोर उभी राहून हिरकन्याने विचारलं, तशा मागच्या बायका खिदळल्या.

“त्याचं वजन आपण धरत नाही,” मी म्हणाले. “चप्पल काढा, पाठ सरळ ठेवा आणि या वर.”

ती चढली. काटा थरथरला आणि थांबला. मी वाकून पाहिलं, खात्री करायला पुन्हा पाहिलं.

“सहासष्ट!”

टाळ्या वाजल्या. कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली. चार महिन्यांपूर्वी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, हीच बाई याच काट्यावर चौऱ्याऐंशी भरली होती आणि लाजेने खाली उतरताना धडपडली होती. आता ती अलगद उतरली. ब्लाऊजच्या बाह्या दोन्ही बाजूंनी आत शिवून घेतल्या होत्या, तरी त्या दंडावर लोंबत होत्या.

हे साकोलीतलं. माझ्या नवऱ्याची बँकेतून तिथे बदली झाली आणि आम्ही नागपूर सोडून या तालुक्याच्या गावी आलो. मी गृहविज्ञान शिकलेली. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुटलेलं माझं अंग मी स्वतः, कोणाच्या मदतीशिवाय, एकोणीस किलोंनी उतरवलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. समाजमंदिराच्या हॉलमध्ये दर सोमवारी सकाळी अकराला मी वर्ग घ्यायला लागले. ‘खानझोडे मॅडमचा क्लास’ म्हणून गावात नाव झालं.

भंडारा जिल्हा धानाचा. सकाळी भात, संध्याकाळी भात, मधल्या वेळेला रात्रीच्या भाताला फोडणी. अशा गावात मी सांगत होते, की भात सोडा. नुसतं सोडा म्हणून कोणी सोडत नाही, त्या जागी काहीतरी द्यावं लागतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी भगर कोरडी भाजून मोकळी शिजवायला शिकवायची. ज्वारीच्या कण्या रात्रभर भिजवून सकाळी ताकात शिजवायच्या. फुलकोबी किसायची आणि पाणी न घालता तव्यावर परतायची, म्हणजे ती दिसायला भातासारखी दिसते आणि वरणही धरून ठेवते. आलूच्या जागी कच्ची पपई किंवा लौकी. आणि प्रत्येक वर्गाच्या शेवटी माझं एक वाक्य ठरलेलं असायचं: “वजन उतरवणं सोपं आहे बायांनो, उतरलेलं टिकवणं कठीण.”

या पदार्थांची एक पुस्तिका मी लिहिली होती. ‘भाताशिवाय चाळीस पदार्थ’. महिला दिनाला भंडाऱ्यात मोठा कार्यक्रम होता. तिथे ती निघणार होती, माझं भाषण होतं, आणि व्यासपीठावर माझ्या शेजारी हिरकन्या पुस्तोडे बसणार होती. मागच्या पानावर तिचे दोन फोटो छापले होते. एक भाचीच्या लग्नातला, चौऱ्याऐंशी किलोचा. दुसरा फेब्रुवारीतला, पोपटी साडीतला.

कार्यक्रमाला सहा दिवस उरले होते.

त्या दिवशी वर्ग संपला, बायका गेल्या. हिरकन्या रेंगाळली. सतरंजी घडी करायला मला मदत केली, काटा उचलून कपाटात ठेवला. मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

“मॅडम, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“सांगा की.”

“मी भात खाते.”

मला आधी वाटलं, एखाद्या लग्नात वगैरे खाल्ला असेल. मी हसले. “एखाद्या दिवशी चालतो हो.”

“एखाद्या दिवशी नाही जी. संक्रांतीपासून रोज खाते.” ती खाली बघत होती. “हे सकाळी मिलवर जाते. मग दुपारी मी एकटीच. एक दिवस राहवलं नाही. मूठभर तांदूळ लहान गंजात शिजवाले टाकले. मग रोजचंच झालं. एक मूठ, दोन मुठी. गंज घासून पालथा घालते, खिडकी उघडते. वास जावा म्हणून.”

तिचा नवरा श्रावण पुस्तोडे राईस मिलमध्ये मिस्त्री होता. उंच, कमी बोलणारा माणूस. हिरकन्याने माझ्या वर्गात नाव घातलं त्याच आठवड्यात त्यानेही भात सोडला होता. “ती एकटी ताटात भगर घेऊन बसन आन मी तिच्यासमोर भात खाऊ, हे जमत नाही,” असं तो मला एकदा समाजमंदिराच्या दाराशी येऊन सांगून गेला होता. दिवसभर तांदळाच्या धुळीत उभं राहायचं आणि डब्यात कोबीचा कीस खायचा. मिलवरची माणसं त्याला हसत, तो त्यांच्यासोबत हसे.

“त्यांना माहीत आहे?” मी विचारलं.

“नाही! त्यायले वाटते मी शिवतपण नाही.” तिचे डोळे भरून आले. “माझ्यापायी त्यायनं सोडला, आन मी चोरून खाते. पाप आहे ना जी?”

“पाप कसलं त्यात?”

“पण मॅडम, भात खाऊनपण वजन उतरतेच. असं काहून?”

हा प्रश्न तिने अगदी साधेपणाने विचारला. माझ्याकडे उत्तर असेलच, अशा विश्वासाने. माझ्याकडे नव्हतं. कपाटातल्या पुस्तिकांचे गठ्ठे मला दिसत होते, दोरीने बांधलेले, वरच्या प्रतीवर तिची पोपटी साडी.

“शरीराला एकदा वळण लागलं की ते आपोआप चालतं,” मी म्हणाले. “आधी तुम्ही कष्ट घेतले ना, त्याचं फळ आहे. पण हे व्यासपीठावर बोलू नका. कोणाशीच बोलू नका. मिस्टरांशीसुद्धा नको, त्यांना वाईट वाटेल.”

तिने मान डोलावली. चपला घातल्या, दारापर्यंत गेली, तिथून वळून अजून दोन-तीन वाक्यं बोलली. मी त्यावर काहीतरी समजावलं, आणि ती गेली.

कार्यक्रम फार छान झाला. हिरकन्याला आधी हातापायाला घाम सुटला होता, पण माईक हातात आल्यावर ती धीट झाली. सासरी तिला ‘पोतं’ म्हणायचे, हे तिने हसत हसत सांगितलं. भाचीच्या लग्नात जेवताना खुर्ची मोडली होती, तेही सांगितलं. सगळा हॉल हसला आणि मग गप्प झाला. मागून एका बाईने उठून विचारलं, “ताई, भाताची आठवण नाही येत?”

हिरकन्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

“येते जी,” ती म्हणाली. “पण मॅडम आहेत ना.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली पहिल्या रांगेत श्रावण बसला होता, नवा शर्ट घालून. तो टाळ्या वाजवत नव्हता. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो तिच्याकडे नुसता पाहत होता, लग्नाच्या दिवशी पाहिलं असेल तसा.

पुढे उन्हाळा लागला. वर्ग बंद झाले, मी मुलांना घेऊन नागपूरला माहेरी गेले. भंडाऱ्यातल्या भाषणानंतर मला तीन-चार ठिकाणांहून बोलावणी आली होती, त्यात मी गुंतले. एप्रिलमध्ये हिरकन्याचा एकदा फोन आला. “एकसष्ट झालं मॅडम,” ती म्हणाली. आवाज दमलेला वाटला. मी म्हटलं, “वा! आता एवढ्यावरच टिकवायचं बरं का.” ती म्हणाली, “हौ.”

जूनच्या मध्यावर श्रावणचा फोन आला. हिरकन्याला नागपूरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं.

मी गेले तेव्हा ती कुशीवर झोपली होती. मी आधी दुसऱ्याच पलंगापाशी जाऊन उभी राहिले, कारण मला ती ओळखूच आली नाही. डोळे पिवळे झाले होते. गालाची हाडं वर आलेली. श्रावणने मला बाहेर नेलं, व्हरांड्यात.

“स्वादुपिंडात गाठ आहे म्हणतात. ती लिव्हरपर्यंत गेली.” तो शब्द जपून उच्चारत होता, नव्याने शिकलेल्या शब्दांसारखे. “डॉक्टर म्हणाले, फेब्रुवारी-मार्चमध्ये आणली असती तर कापून काढता आलं असतं. कदाचित. म्हणाले, वजन असं झपाट्यानं उतरत होतं तवाच समजाले पाहिजे होतं.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “मले कसं समजन जी? मी तर खुश होतो. मले वाटे, डायट लागू पडला.”



“तुमचा काही दोष नाही,” मी म्हणाले. वाक्य तोंडातून गेलं आणि त्याने ते कृतज्ञतेने घेतलं.

तो औषधं आणायला खाली गेला तेव्हा मी तिच्यापाशी बसले. तिने डोळे उघडले. मला पाहून हसली, खरंच हसली.

“मॅडम, आता किती असन माझं वजन?”

मी तिची चादर सारखी केली.

“चाळीसच्या आत असन,” ती म्हणाली. “पुस्तकात नवा फोटो टाका.”

“हिरकन्या, असं नका बोलू.”

“गंमत केली.” मग ती छताकडे बघत म्हणाली, “यायले ते सांगू नका. भाताचं. अजून खात नाही ते. मी म्हटलं, खा आता, काही होत नाही. तर म्हणते, तू बरी होऊन घरी आली की सोबत खाऊ.” तिने माझं बोट धरलं. तिचा हात गरम आणि कोरडा होता. “सांगू नका. त्यायच्या मनात मी चांगली आहे.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले.

दाराशी ती दोन-तीन वाक्यं बोलली होती, त्याबद्दल तिने काहीच म्हटलं नाही. मी वाट पाहत होते. ती बोलली असती तर बरं झालं असतं. श्रावण औषधं घेऊन परत आला, आणि तिने माझं बोट सोडलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. बेचाळीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं.

मी वर्ग पुन्हा सुरू केला नाही. कोणी विचारलं तर मुलांच्या अभ्यासाचं कारण सांगे. पुस्तिका मात्र फिरत राहिली. किराणा दुकानात, पार्लरमध्ये, कोणाच्या ना कोणाच्या घरी मागच्या पानावरून ती माझ्याकडे पाहत असायची. उरलेल्या प्रती मी समाजमंदिराच्या कपाटातून घरी आणल्या आणि बंबात घातल्या. पण गेलेल्या परत कशा मागणार?

वर्ष झालं. एका सकाळी श्रावण घरी आला. मी दार उघडलं आणि दचकले. माणूस निम्मा झाला होता. कॉलर गळ्याभोवती सैल फिरत होती.

“येत्या गुरुवारी हिरकन्याचं वर्षश्राद्ध आहे,” तो म्हणाला. “तुमी या जी. तुमच्याशिवाय नको.”

मी टाळायचा प्रयत्न केला. तो दारातच उभा राहिला. “तिनं तुमाले लय मानलं. आयुष्यात तिले कोणी स्टेजवर नेलं नव्हतं. या.”

गुरुवारी मी गेले. गावाच्या टोकाला, तलावाच्या बाजूला त्याचं कौलारू घर होतं. दुपारचे बारा वाजले असतील. भटजी विधी आटोपून नुकतेच गेले होते. घरात श्रावण आणि त्याची मोठी बहीण यशोदाबाई, दोघंच. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. पोपटी साडीतला. तोच.

फोटोसमोर पळसाची पत्रावळ मांडली होती आणि यशोदाबाई पदराने तोंड पुसत रागाने बडबडत होती.

“पाहा बाई तुमीच! तांदळाच्या मिलमध्ये वीस वर्षं काढली यानं, आन बायकोच्या निवदाले भात नाही. विधीपुरते पिंड केले, तेवढेच. तिचं काय पोट भरन या कोबीनं?”

मी पत्रावळीकडे पाहिलं. भगर होती. ताकातल्या कण्या होत्या. किसलेल्या फुलकोबीचा ढीग आणि त्यावर वरण. कच्च्या पपईची भाजी. सगळे पदार्थ माझे होते. पलीकडे चुलीजवळ पुस्तिका उघडी पडली होती, तेलाचे डाग पडलेली, पानं सुटलेली.

“मी स्वतः केलं सारं,” श्रावण म्हणाला. “पुस्तकात पाहून. ती भाताले शिवत नव्हती ताई. शेवटपर्यंत नाही शिवली. मग निवदाले भात ठेवून तिचं मोडायचं का?”

“आन तू? तू काहून मोडत नाही?” यशोदाबाई माझ्याकडे वळली. “दीड वर्ष होऊन गेलं, भाताचं शीत नाही याच्या पोटात. मिलमध्ये दोनदा चक्कर येऊन पडला. पट्ट्यात हात गेला असता त्या दिवशी! जन्मभर खाणार नाही म्हणते.”

“ताई, तू पाणी आण मॅडमसाठी,” श्रावण म्हणाला.

ती आत गेली. तो फोटोसमोर मांडी घालून बसला, गुडघ्यांवर हात ठेवून.

“मॅडम, मले झोप लागत नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “एकच गोष्ट मनात येते. ती उपाशी मेली. लहानपणापासून भाताची पोरगी. माहेरी धानाची शेती. तिले लोकं पोतं म्हणत, आन मीपण कधी म्हटलं नाही, की असू दे, तू अशीच बरी आहेस मले. मी म्हटलं असतं तर तिनं भात सोडलाच नसता. मनासारखं दोन घास न खाता गेली. याचं काय करू जी?”

मी तिला शब्द दिला होता. माझं बोट धरून तिने तो घेतला होता. पण समोर हा माणूस बसला होता आणि त्याच्या मनगटावरची हाडं मला मोजता येत होती.

“ती उपाशी नव्हती,” मी म्हणाले.

त्याने मान वर केली.

“भात खात होती ती. रोज. संक्रांतीपासून. तुम्ही मिलवर गेलात की दुपारी. तिनेच मला सांगितलं होतं.”

बाहेर तलावावर कोणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज.

“किती खाये?” त्याने विचारलं.

“दोन मुठी. लहान गंजात शिजवायची. मग गंज घासून पालथा घालायची आणि वास जावा म्हणून खिडकी उघडायची.”

“हे खिडकी?” त्याने चुलीवरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. जणू मला माहीत असणार. “मी संध्याकाळी येऊन म्हणो, खिडकी काहून उघडी, मांजर येते. तर म्हणे, गरमते.” त्याचा चेहरा हलायला लागला. “थंडीत गरमते म्हणे!”

आणि तो हसला. हसता हसता रडला, मग नुसता रडला, मोठ्याने, लहान मुलासारखा. यशोदाबाई तांब्या घेऊन धावत आली.

“ताई, खात होती ती!” तो तिला म्हणाला. “चोरून खात होती भात! मले फसवत होती!” त्याने फोटोकडे पाहिलं. “लबाड कुठली. चांगलं केलं. लय चांगलं केलं.”

यशोदाबाईला काय समजलं कोण जाणे, पण ती तांब्या तसाच खाली ठेवून डब्याकडे गेली. तिने तांदूळ काढले, वासाचा चिन्नोर होता, धुतले आणि चुलीवर ठेवले. आम्ही तिघं बसून राहिलो. थोड्या वेळाने तो वास घरभर पसरला. चिन्नोरचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना काही सांगायला नको. श्रावणने डोळे मिटले होते.

मग डोळे न उघडताच त्याने विचारलं, “मॅडम, तिनं अजून काई सांगतलं होतं का त्या दिवशी?”

सांगितलं होतं.

दारापर्यंत जाऊन ती वळली होती. चौकटीला हात लावून म्हणाली होती, “मॅडम, पाठीतून पोटाकडे कळ येते रात्रीची. भात खाऊनपण वजन उतरते, म्हणजे आत काही बिघडलं तर नसन? यायले घेऊन उद्या नागपूरले दाखवून येऊ का?”

आणि मी म्हणाले होते, “आठ तारीख होऊ द्या. आत्ता दवाखान्यात गेलात तर लोक म्हणतील, मॅडमच्या डायटने आजारी पडली. सहा दिवसांनी काय होतंय? मग बघू.”

सहा दिवसांनी तिने विचारलं नाही. माझ्या भरवशावर ती विसरली असेल, किंवा टाळ्यांमध्ये तिची कळ बुडाली असेल. मीही विचारलं नाही. मी विसरले नव्हते. एप्रिलमध्ये ती फोनवर ‘एकसष्ट’ म्हणाली, तेव्हासुद्धा मला ते आठवत होतं.

“नाही,” मी श्रावणला म्हणाले. “अजून काही नाही.”

त्याने डोळे उघडले आणि मला हात जोडले.

यशोदाबाईने पत्रावळीवर भात वाढला, मधोमध, वर वरण आणि तुपाची धार. मग श्रावणला वाढला. त्याने पहिला घास तोंडात घालायला बराच वेळ घेतला. मलाही वाढला. मी कितीतरी वर्षांत भात खाल्ला नव्हता. मी तो सगळा खाल्ला.

दुसऱ्या वर्षी आमची बदली झाली आणि आम्ही नागपूरला परत आलो. श्रावणचा अधूनमधून फोन येई. तब्येत सुधारली, मिलवर आता मुख्य मिस्त्री झालो, ताईच्या नातीचं लग्न आहे. बोलताना तो मोकळा असायचा, पूर्वी कधी नव्हता इतका. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहायची. नवरा विचारायचा काय झालं, मी म्हणायची काही नाही.

अशी पाच वर्षं गेली. मग एक दिवस मला ते सहन होईना. नवऱ्याला न सांगता मी सकाळची एसटी धरली. वाटेत मी वाक्यं ठरवली, मोडली, पुन्हा ठरवली. सगळं सांगायचं. त्याने शिव्या दिल्या तर ऐकायच्या. साकोलीला उतरून मी रिक्षाने सरळ मिलवर गेले. घरी गेले असते तर कदाचित दारातून परत फिरले असते, म्हणून.

मिल चालू होती. आत धूळ उडत होती, पट्ट्यांचा खडखडाट. श्रावण मला लांबूनच दिसला. भुवयांवर, मिशांवर कोंड्याची पांढरी पूड. अंगाने चांगला भरला होता. मला पाहताच तो धावत आला, हात पुसत.

“मॅडम! तुमी इथे!”

त्याने हात वर करून यंत्र थांबवायला सांगितलं. खडखडाट हळूहळू निवला. सात-आठ माणसं पोत्यांच्या आडून पुढे आली. तो त्यांच्याकडे वळला. शांत झालेल्या त्या मोठ्या शेडमध्ये त्याचा आवाज घुमला.

“ह्याच त्या मॅडम. मी सांगत असतो ना तुमाले? माझी बायको गेली तवा डॉक्टरनं वेगळं सांगतलं, लोकायनं वेगळं. यायनं मले खरं सांगतलं. यायनं सांगतलं म्हणून मी जेवाले लागलो.”

माणसांनी हात जोडले. एका म्हाताऱ्या हमालाने तर पुढे येऊन माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकले, पाठीला तांदळाची पोती लागली.

श्रावण माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं कमी झालं.

“इतक्या लांबून आल्या. काही खास काम होतं का जी?”

मी तोंड उघडलं. सगळी माणसं वाट पाहत होती.

“नाही,” मी म्हणाले. “इकडून चालले होते, म्हटलं भेटून जावं.”